भाड्याची विद्या

विद्यापीठीय संशोधनाचा व्यवहार एकदा नीट निरखून पाहावा. प्राध्यापकाचे वेतन सरकारी तिजोरीतून येते, संशोधनाचे अनुदानही बहुधा तिथूनच. शोधनिबंध तो विनामोबदला लिहितो, दुसरा प्राध्यापक विनामोबदला त्याचे परीक्षण करतो, आणि छापून येताना हक्क मात्र प्रकाशकाच्या नावे लिहून दिलेले असतात. मग तोच निबंध वाचण्यासाठी विद्यापीठ वर्गणी भरते. आपल्याच विहिरीचे पाणी विकत घेण्याचा हा प्रकार!

यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा उतारा शोधला: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. आडगावच्या सरकारी महाविद्यालयाला याचा लाभ आहे, हे मान्य. पण हे भाडे आहे. ते थकले की दार बंद. शिवाय ही मंजुरी सरकारी संस्थांपुरती होती. निवृत्त शिक्षकाने, स्वतंत्र अभ्यासकाने काय करायचे?

लेखकाकडूनच पैसे घेऊन निबंध खुला करण्याची वाट तर आणखी महाग. ‘नेचर’ने २०२१पासून त्यासाठी ९,५०० युरो आकारायला सुरुवात केली.

खरा उपाय स्वस्त आहे. फेब्रुवारी २००८मध्ये हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेतील प्राध्यापकांनी स्वतःच ठराव केला, की आपल्या निबंधांच्या वितरणाचा परवाना विद्यापीठाला आधीच दिलेला असेल. प्रकाशकाशी करार होतो तो त्यानंतर. एखाद्या निबंधापुरती अडचण आलीच, तर सूट मागण्याची सोयही ठेवली. बेल्जियममधील लीज विद्यापीठाने याहून खमकी अट घातली: संस्थेच्या भांडारात जमा केलेले निबंधच बढतीच्या वेळी विचारात घेतले जातील.

‘आपल्याकडे हे जमायचे नाही’ हा आक्षेप पोकळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक केले. ‘शोधगंगा’वर ते आज कोणीही वाचू शकतो. म्हणजे विद्यार्थ्याचा प्रबंध सक्तीने खुला, आणि त्याला मार्गदर्शन करणाऱ्याचा निबंध कुलूपबंद! हा न्याय कोणता?

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विद्यापरिषदांनी असा ठराव करायला दिल्लीच्या परवानगीची वाट पाहू नये. विद्यादानाने विद्या वाढते, असे दीक्षान्त समारंभात सांगणाऱ्यांनी ते दान आधी स्वतःच्या दारी सुरू करावे.