उपचार घरी, जबाबदारी सरकारची

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ इन्नंबूर नावाचे खेडे आहे. तेथील शिवाला 'एळुत्तरिनाथर', म्हणजे अक्षर जाणणारा नाथ, असे म्हणतात. ज्या मुलांची वाचा स्पष्ट उमटत नाही अशांना आईबाप मोठ्या आशेने त्याच्या दारी आणतात. या श्रद्धेची टर उडवण्याचे कारण नाही. वाचोपचार जाणणारा माणूस जिथे गरिबाच्या आवाक्यात कधी आलाच नाही, तिथे गरीब माणूस देवळात जाणार नाही तर कोठे जाणार? विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. पक्षाघाताच्या एकाच झटक्यात वाचा आणि उजवा हात गमावून बसलेल्या शेतमजुराला पुन्हा उभे करण्याची जबाबदारी कोणाची? देवाची, त्याच्या बायकोची, की सरकारची?

कावेरीच्या खोऱ्यात लावणी-कापणीच्या दिवसांवर वर्षाची गुजराण अवलंबून असते. अशा घरातला कर्ता माणूस अर्धांगवायूने खाटेला खिळला की सरकारी रुग्णालय त्याचा जीव वाचवते आणि थोड्याच दिवसांत त्याला घरी पाठवते. खरी लढाई त्यानंतर सुरू होते. हातापायांना वेळीच हालचाल मिळाली नाही तर सांधे आखडतात, लुळा खांदा निखळून दुखू लागतो, एकाच कुशीवर पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात आणि गिळताना ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया जीव घेतो. हे सर्व टाळण्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा भौतिकोपचार घ्यायला या, असे त्याला सांगितले जाते. तेथवर जायचे म्हणजे रिक्षाचे भाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि रांगेत गेलेला दिवस आला. दोन-चार खेपांनंतर या खेपा बंद पडतात, आणि सरकारी दप्तरात मात्र 'रुग्णाने उपचार अर्धवट सोडला' अशी नोंद होते. एका दिवसाच्या मजुरीचे मोल काय असते हे याच भूमीला विचारावे. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी ४४ दलित शेतमजूर स्त्री-पुरुष-मुलांना जिवंत जाळण्यात आले, ते मजुरीत थोडे अधिक धान्य मागणाऱ्या लढ्याचा सूड म्हणूनच.

या पार्श्वभूमीवर तमिळनाडू सरकारने ५ ऑगस्ट २०२१ रोजी 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' ही योजना सुरू केली, तिचे महत्त्व मान्य केले पाहिजे. नावाचा अर्थच मुळी 'लोकांना शोधत येणारी वैद्यकसेवा' असा आहे. त्याआधीच्या वर्षी त्या राज्यात झालेल्या पाहणीत उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी जेमतेम ७.३ टक्के लोकांचा रक्तदाब आटोक्यात असल्याचे आढळले होते. आटोक्याबाहेरचा रक्तदाब हेच पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण आहे. नव्या योजनेत बचत गटांतील स्त्रियांना आरोग्य स्वयंसेविका म्हणून नेमून रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देण्याची व्यवस्था झाली, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी प्रत्येक विकास गटात एक भौतिकोपचार तज्ज्ञ व एक शुश्रूषा परिचारिका ठेवण्यात आली. २०२४ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या संबंधित कृती दलाने या योजनेला पुरस्कारही दिला.

घरी दिलेला उपचार म्हणजे रुग्णालयातल्या उपचाराची दुय्यम आवृत्ती, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर दांड्यांना धरून चालता येणे वेगळे, आणि घरापुढचा ओटा चढणे, मातीच्या अंगणातून न्हाणीपर्यंत जाणे, उकिडवे बसून उठणे, डाव्या हाताने भाताचा घास तोंडात घालणे, लुंगी स्वतः गुंडाळणे हे वेगळे. माणसाचे स्वावलंबन या दुसऱ्या गोष्टींत असते. घरी येणारा तज्ज्ञ ओट्याची उंची पाहतो, भिंतीला आधाराचा बांबू कोठे लावावा हे दाखवतो, खाट कोणत्या बाजूला सरकवावी हे सांगतो. पक्षाघाताच्या रुग्णांना लवकर घरी सोडून तज्ज्ञांच्या पथकाने घरीच उपचार केले, तर परावलंबी राहणाऱ्यांचे प्रमाण घटते, हे पाश्चात्त्य देशांतील चाचण्यांनी दाखवले आहे. हृदयविकारानंतरचे पुनर्वसन घरी केले तरी केंद्रात केल्याइतकेच फळ देते, हेही सिद्ध झाले आहे.

परंतु येथेच एक सापळा आहे, आणि राज्यकर्त्यांना तो सोयीचा वाटतो. 'घर हेच उत्तम उपचारकेंद्र' असे एकदा म्हटले की पुढचे वाक्य आपोआप येते: मग घरच्यांनीच उपचार करावेत! तज्ज्ञ कशाला, पगार कशाला? या युक्तिवादाची कसोटी आपल्याच देशात लागली आहे. भारतातील १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण देऊन घरी पाठवले होते. उरलेल्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. सहा महिन्यांनी पाहिले तर मृत्यू पावलेल्यांचे किंवा परावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के, निघाले. याचा अर्थ घरचे पुनर्वसन निरुपयोगी आहे असा नव्हे. थोडे शिकवून सारा भार कुटुंबावर टाकल्याने काम भागत नाही, हा त्यातला धडा आहे. घरची माया ही तज्ज्ञाच्या हाताची जागा घेऊ शकत नाही.

आणि ते 'कुटुंब' म्हणजे तरी कोण? कागदावर कुटुंब असे लिहिले जाते. प्रत्यक्षात ती बायको असते, सून असते, शाळा सोडलेली मुलगी असते. कुशीवर वळवणे, मलमूत्र काढणे, भरवणे, मालीश करणे ही कामे ती पहाटे आणि रात्री करते, कारण दिवसा तिला मजुरीला जावेच लागते. तिचे हे श्रम कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत. तिच्या दारी येणारी स्वयंसेविकाही त्याच मापाने मोजली गेली. तमिळनाडूतील योजनेत या स्त्रियांचे सुरुवातीचे मासिक मानधन ४,५०० रुपये होते. त्या वर्षी त्याच राज्यात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २७३ रुपये होती. म्हणजे महिनाभराचे मानधन रोजगार हमीच्या १७ दिवसांच्या मजुरीइतकेही नव्हते. मे २०१३ मध्ये ४५व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांत राबणाऱ्या अशा स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता व किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. त्यानंतरही 'स्वयंसेविका' हा शब्द कायम राहिला, कारण त्या एका शब्दात वेतन, निवृत्तिवेतन आणि रजा या तिन्हींना नकार दडलेला आहे.

१९७८ सालच्या अल्माआटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत पुनर्वसनाचा स्पष्ट समावेश केला होता. आपल्या २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानेही पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरवले. मात्र त्याला 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी पुस्ती जोडली. सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात होते. २०२१-२२ साली, महामारीच्या तडाख्यातही, तो १.८४ टक्केच होता आणि आरोग्यावरील एकूण खर्चातील ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. कुवत नाही, की इच्छा नाही?

तंजावर मराठी माणसाला परके नाही. भोसले घराण्याने तेथे पावणेदोनशे वर्षे राज्य केले, आणि दुसऱ्या सरफोजी राजाच्या धन्वंतरी महालात औषधे तयार होत व रोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात. त्या वारशाचा अभिमान मिरवणाऱ्या महाराष्ट्राने आज स्वतःच्या घरात डोकावून पाहावे. गडचिरोलीच्या ग्रामीण भागातील अभ्यासात मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात असल्याचे आढळले. शंभरांतील १४ हून अधिक मृत्यू त्याने झाले होते. जे वाचतात त्यांना चालायला कोण शिकवणार? याच गडचिरोलीत गावच्या स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची देखभाल केल्याने नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ सालीच जगापुढे आले. घरी जाणारी आरोग्यसेवा शक्य आहे, हे सिद्ध करण्यासाठी महाराष्ट्राला दुसऱ्या कोणाच्या दाखल्याची गरजच नाही. केरळात २००८ साली डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने शुश्रूषेचे धोरण स्वीकारले आणि पंचायतींमार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. महाराष्ट्रात मात्र आशा भगिनींना २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये साध्या मोबदल्यासाठी संपावर जावे लागले.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला कायम पगारी भौतिकोपचार तज्ज्ञ द्या, आणि गावोगाव फिरण्यासाठी त्याला वाहन द्या. रुग्णालयातून सुटलेल्या पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची नोंद त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राकडे पोहोचवा आणि पहिल्या आठवड्यातच त्याच्या घरी भेट द्या. औषधे घरपोच द्या. घरोघर जाणाऱ्या स्त्रियांना कामगार म्हणा आणि किमान वेतन द्या. मजुरी सोडून रुग्णाची सेवा करणाऱ्या स्त्रीला भत्ता द्या.

शेतमजूर, बांधकाम कामगार, विडी कामगार यांच्या संघटनांनीही हा प्रश्न डॉक्टरांवर सोडून चालणार नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात वाकून भात लावला, तो पडल्यावर त्याला उठवणे हे उपकाराचे काम नव्हे. त्याच्या घामाचे ते देणे आहे, आणि ते वसूल केल्याशिवाय मिळणार नाही.