कथेतला दुसरा

व्हिडिओ गेम ही साहित्याच्या अभ्यासकांनी दखल घ्यावी अशी वस्तू आहे की नाही, हा वाद आम्ही येथे उकरून काढणार नाही. ज्या खेळांना कथानक आहे, पात्रे आहेत, निवेदनाचे भान आहे, ते संहिता म्हणून वाचता येतात असे गृहीत धरूनच पुढे जातो. प्रश्न आहे तो अशा संहितेला जोडल्या जाणाऱ्या ‘मल्टिप्लेयर’ विभागाचा. एकट्याने अनुभवायच्या कथेशेजारी अनेकांनी मिळून खेळायची स्पर्धा ठेवली तर बिघडले कोठे? ज्याला नको त्याने खेळू नये, हे यावरचे नेहमीचे उत्तर. ते आम्हांला पटत नाही. आणि का पटत नाही हे सांगायला ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ या २०१२ सालच्या खेळाइतके चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

बर्लिनच्या येगर या स्टुडिओने केलेल्या या खेळामागे ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ उभी आहे. त्यातील कर्नलचे ‘कॉनरॅड’ हे नावच त्याची कबुली देते. वाळूच्या वादळांनी गाडलेल्या दुबईत कॅप्टन वॉकर दोन सहकाऱ्यांसह शिरतो, कोणी जिवंत उरले आहे का ते पाहण्यासाठी. मध्यावर एक प्रसंग येतो. समोर मोठी फौज आणि हाताशी पांढऱ्या फॉस्फरसचे गोळे. मारा करताना खेळाडूला दिसतो तो केवळ एक पडदा आणि त्यावर हलणारे पांढरे ठिपके. त्या पडद्याच्या काचेत वॉकरचा स्वतःचा चेहरा पुसटसा उमटलेला असतो. मग त्या जळालेल्या जागेतून चालत जावे लागते. ठिपक्यांतले बरेचसे सैनिक नव्हतेच. आश्रयाला आणलेले नागरिक होते, आयाबाया होत्या, मुले होती. तेथून पुढे वॉकर दोष दुसऱ्यावर ढकलत राहतो, आणि खेळ मात्र खेळाडूलाच डिवचत राहतो. मार्लोबरोबर नदीतून वर जाणाऱ्या वाचकाने बोट हाकलेली नसते. येथे बटण आपण दाबलेले असते. दाबले नसते तर कथा पुढेच सरकली नसती, असे आपण म्हणतो. वॉकरही नेमके हेच म्हणत असतो.

आता त्याच तबकडीवरचा दुसरा विभाग पाहावा. तीच वाळू, तशाच बंदुका. दोन गट एकमेकांवर गोळ्या झाडतात, माणूस पडला की गुण मिळतात, गुणांनी हुद्दा वाढतो. कथेत जो अपराध, तो येथे मिळकत. हा भाग दुसऱ्याच एका कंपनीकडून करून घेतला होता, आणि प्रमुख रचनाकार कोरी डेव्हिस यांनी पुढे उघडपणे सांगितले, की तो प्रकाशकांच्या आग्रहाखातर आला. त्यांना स्वतःला तो नकोच होता. त्या वर्षांत दोन दिवसांत संपलेली तबकडी जुन्या बाजारात विकली जाई, ती घरातच राहावी म्हणून असली ठिगळे लावण्याची रीत पडली होती. व्यवहार म्हणून हे समजण्यासारखे आहे. परंतु येथे संबंध नुसता बादरायण नाही, तो मुळावर येणारा आहे. चाप ओढणे फुकट नसते, एवढेच ही कथा सांगते; शेजारचा विभाग म्हणतो, फुकटच असते, आणखी ओढा. तो न खेळल्याने हे विधान पुसले जात नाही.

यावर कोणी म्हणेल, की गोष्ट ही मुळात चारचौघांचीच. पोथी काय, कीर्तन काय, एकट्याने मुकाट वाचणे ही तर अलीकडची सवय. आक्षेप रास्त आहे, आणि दुसऱ्या माणसाला आमचा विरोध नाहीच. ‘द लास्ट ऑफ अस’ (२०१३) मधील मल्टिप्लेयरमध्ये खेळाडूला आपल्या वस्तीतील माणसांसाठी बारा आठवडे रसद मिळवत राहावी लागते. मारामारी तेथेही आहे, पण टंचाईचा जो नियम कथेला आहे तोच त्यालाही आहे. (त्याच धर्तीचा स्वतंत्र ऑनलाइन खेळ करण्याचे काम मात्र नॉटी डॉगने डिसेंबर २०२३ मध्ये थांबवले. तो चालवत राहायचे तर स्टुडिओची सारी शक्ती त्यातच जाईल आणि कथाप्रधान खेळ मागे पडतील, हे त्यांनी दिलेले कारण बोलके आहे.)

तरीही आमच्या मते खरे उत्तर ‘जर्नी’ने २०१२ मध्येच दिले होते. झगा घातलेला एक यात्रिक वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे निघतो; वाटेत कधीतरी तसाच दुसरा भेटतो. तो जगात कोठेतरी बसलेला खरा माणूस असतो, पण त्याचे नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. एक सूर तेवढा काढता येतो. सुरुवातीच्या आराखड्यात यात्रिकांना एकमेकांचा धक्का लागत असे, आणि चाचणीत माणसे एकमेकांना ढकलून देऊ लागली. रचनाकार जेनोवा चेन यांनी माणसांना दोष दिला नाही. धक्का लागण्याची सोयच काढून टाकली. उलट दोघे जवळ आले, की दोघांच्याही स्कार्फमध्ये उडण्याचे बळ भरते अशी योजना केली. बर्फात शेवटी गारठत चाललेले ते दोघे अंग घासून चालतात, ते कोणी सांगितले म्हणून नव्हे. येथे दुसरा खेळाडू हाच कथेचा विषय आहे. त्याला वगळले तर पर्वत उरेल, यात्रा उरणार नाही.

श्रेयनामावलीनंतर सोबत्यांची नावे पडद्यावर येतात. आपण अथपासून इतिपर्यंत एकच समजत होतो तो सोबती प्रत्यक्षात तीन-चार निरनिराळी माणसे होती, हे पुष्कळांना तेव्हा कळते.