काढलेल्या दाढेचा हिशेब

किडलेली दाढ काढायला साध्या खासगी दवाखान्यात साधारण ५०० ते १,००० रुपये पडतात. तीच दाढ वाचवायची, तर रूट कॅनाल आणि वरची कॅप मिळून ७-८ हजारांच्या आत क्वचितच भागते. ठणक्याने रात्रभर डोळा लागलेला नाही, महिनाअखेर आहे आणि तोंडात बाकीचे दात शाबूत आहेत. अशा वेळी ‘काढून टाका एकदाची’ म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणे सोपे आहे. पण त्या दिवशी खिशात असलेल्या पैशांपुरता त्याचा हिशेब बरोबरच असतो. त्या हिशेबाचे दुसरे पान काही वर्षांनी उघडते. त्यावरचा आकडा पाहिला की घरात पहिला प्रश्न निघतो तो मेडिक्लेमचा.

दाढ गेल्यावर शेजारचे दात हळूहळू त्या फटीत कलू लागतात. समोरच्या जबड्यातली दाढ, टेकायला काही नसल्यामुळे, आपली जागा सोडून बाहेर सरकते. कललेल्या दातांच्या सांध्यात अन्न अडकते आणि तिथे नवी कीड लागते. सगळ्यांच्याच तोंडात हे सारख्या वेगाने होते असे नाही. अगदी मागची दाढ गेली असेल, तर ती न बसवताही अनेकांचे नीट चालते आणि चांगला डॉक्टर तसे सांगतोही. पण मधली दाढ गेली, घास एकाच बाजूने चावला जाऊ लागला, की माणूस कधी तरी ‘फिक्स दात’ बसवायला जातो. तिथे त्याला एका दाताऐवजी तीन दातांचे पैसे सांगितले जातात आणि आपल्याला लुबाडले जात आहे अशी त्याची खात्री पटते.

लुबाडणूक होतही असेल, पण तीनचा आकडा खोटा नाही. ब्रिज म्हणजे नावाप्रमाणे पूलच. मधला कृत्रिम दात हिरडीवर तरंगता असतो आणि त्याचा सगळा भार शेजारच्या दोन दातांनी उचलायचा असतो. त्यासाठी हे दोन्ही दात चहूबाजूंनी घासून लहान केले जातात, माप घेतले जाते आणि लॅबमध्ये तीन कॅपांची एकसंध पट्टी तयार होऊन येते. दवाखान्यात याला तीन युनिट म्हणतात आणि दर युनिटवर लावला जातो. धातूवर सिरॅमिक चढवलेले युनिट राज्यातल्या शहरांत साधारण ३ ते ६ हजारांना मिळते, झिरकोनियाचे ८ ते १५ हजारांना, मोठ्या शहरांत त्याहूनही महाग. म्हणजे एका दाढेच्या जागी ९ ते ४५ हजार रुपये. आधाराच्या दातांपैकी एखाद्याला कीड असेल, तर त्याच्या रूट कॅनालचा खर्च वेगळा. शेजारच्या दोन दाढा गेलेल्या असतील, तर युनिटे चार होतात.

या आकड्यांत एक किंमत धरलेली नसते. घासले जाणारे शेजारचे दात पुष्कळदा पूर्ण निरोगी असतात आणि एकदा घासलेले इनॅमल पुन्हा येत नाही. शिवाय ब्रिज जन्माचा नसतो. नीट निगा राखली तर तो १० ते १५ वर्षे टिकतो, काहींचा जास्त. कॅपच्या कडेखाली कीड शिरली तर त्याआधीच निकामी होतो. पस्तिशीत ब्रिज बसवणाऱ्याने तो आयुष्यात आणखी एक-दोनदा बदलावा लागेल असे धरूनच चालावे. इम्प्लांटमध्ये शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही, पण त्याला जबड्यात पुरेसे हाड लागते आणि एका दातामागे २५ हजारांपासून पुढे मोजावे लागतात. काढता-घालता येणारी छोटी कवळी सर्वांत स्वस्त. पहिले काही आठवडे ती तोंडात नकोशी वाटते, आणि म्हणून पुष्कळांच्या घरी ती वाटीत पडून राहते.

आता मेडिक्लेम. भारतातला आरोग्यविमा रुग्णालयातल्या खाटेभोवती रचलेला आहे. साधारण नियम २४ तास दाखल असण्याचा. त्यातून सवलत मिळते ती ‘डे केअर’ उपचारांना, म्हणजे पूर्वी ज्यांच्यासाठी दाखल व्हावे लागे पण नव्या तंत्रामुळे आता लागत नाही अशांना. बाह्यरुग्ण विभागात एरवीही होणारे उपचार त्या व्याख्येतूनच बाहेर काढलेले आहेत. ब्रिज खुर्चीत बसून, तीन-चार खेपांत होतो. त्याच्यासाठी या रचनेत दारच नाही.

गोंधळ होतो तो पॉलिसीच्या भाषेमुळे. विमा नियामकाच्या आदेशाने एप्रिल २०२०पासून सर्व कंपन्यांनी आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत, आजार किंवा इजेमुळे आवश्यक ठरलेले दंतोपचार समाविष्ट असल्याचे लिहिले आहे. हे वाचणाऱ्याला वाटते, कीड हा आजारच, म्हणजे पैसे मिळणार. पण ते वाक्य रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या खर्चाच्या कलमात आहे. दुचाकीवरून पडून जबडा मोडला, दाखल व्हावे लागले, प्लेट बसवली, तर दावा उभा राहतो. त्याच अपघातात पडलेला दात तीन महिन्यांनी ब्रिजने बसवायचा असेल, तर पुन्हा पॉलिसीतले बारीक अक्षर पाहावे लागते, कारण कृत्रिम दात अनेक पॉलिसींत वेगळे वगळलेले असतात. सरकारी योजनांचेही तसेच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचे ५ लाखांचे संरक्षण रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया त्यात होते, ब्रिज होत नाही.

विमा कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. विमा अनिश्चित आणि मोठ्या खर्चासाठी असतो. दातांचा खर्च हळूहळू येतो, कधी करायचा हे बरेचसे रुग्णाच्या हातात असते, आणि दाढ पडल्यावर पॉलिसी घेऊन ब्रिज बसवून घेणाऱ्यांची रांग लागेल ही त्यांची भीती खरी आहे. अमेरिकेत दातांचा विमा स्वतंत्र विकला जातो, तिथे हीच भीती नियमांत उतरलेली दिसते. तपासणी आणि सफाई बहुधा पूर्ण, फिलिंग बरेचसे, पण ब्रिजसारख्या मोठ्या कामाचे साधारण निम्मेच पैसे. तेही वर्षाला बहुतेकदा एक-दोन हजार डॉलरच्या मर्यादेत. पॉलिसी घेण्यापूर्वी पडलेला दात न धरण्याचे कलमही अनेक योजनांत असते. तिथे स्थायिक झालेली मराठी माणसे सुट्टीत पुण्या-मुंबईला आली की दंतवैद्याची वेळ आधी का ठरवतात, याचे उत्तर या निम्म्यात आहे. त्यांच्याकडे जाणाऱ्या आई-वडिलांनीही लक्षात ठेवावे, की प्रवासविम्यात अचानक उठलेल्या दातदुखीपुरती तात्पुरती तरतूद असते, ब्रिजची नाही.

आपल्याकडेही आता काही पॉलिसींना बाह्यरुग्ण खर्चाची जोड मिळते आणि मोठ्या कंपन्यांच्या गटविम्यात दातांसाठी वर्षाला काही हजारांची सोय असते. ती घेण्याआधी विचारायचा प्रश्न एकच, पण तो नेमका हवा: ‘क्राउन’ आणि ‘ब्रिज’ हे शब्द समाविष्ट यादीत आहेत का, आणि असल्यास प्रतीक्षाकाळ किती? ‘डेंटल कव्हर आहे’ या तोंडी उत्तराला अर्थ नाही. त्यात बहुधा तपासणी, सफाई आणि एखादे फिलिंग एवढेच असते. जादा हप्ता आणि वार्षिक मर्यादा शेजारी मांडली, तर कित्येकदा तेवढे पैसे बाजूला टाकणे बरे असे दिसते. जिथे दावा शक्य आहे तिथे दात घासण्यापूर्वीचा एक्स-रे आणि दात क्रमांकासह बिल जपून ठेवावे. दात घासला गेला की आधी काय होते याचा पुरावाही जातो. नियमात बसणारा दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि मग विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. आणि आरोग्यविमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी एक फारशी माहीत नसलेली सोय: जुनी करप्रणाली निवडल्यास त्यांच्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, मात्र पैसे रोखीने दिलेले नसावेत. दवाखान्यात पक्के बिल मागायला हे एक कारण पुरे आहे.

दवाखान्याकडूनही काही गोष्टी लेखी घ्याव्यात. युनिटे किती, कोणत्या साहित्याची, रूट कॅनाल त्यात धरले आहे की वेगळे, वर्षभरात ब्रिज निघून आला तर पुन्हा बसवण्याचे पैसे पडतील का. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे दवाखान्याची उधारी नसते. ते वित्तसंस्थेचे कर्ज असते आणि काम बिघडले तरी हप्ता थांबत नाही.

स्वस्त पर्याय आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर, गोव्यात बांबोळीचे महाविद्यालय. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च खासगीच्या मानाने खूपच कमी. अडचण वेगळीच आहे. गडचिरोलीच्या शेतमजुराला नागपूरच्या चार-पाच खेपा, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली, की स्वस्तपण विरघळते. घराजवळच्या सरकारी रुग्णालयात त्याला सर्वांत सहज मिळणारा उपचार म्हणजे दाढ काढणे.

म्हणून ब्रिजला विमा द्या ही मागणी लोकप्रिय असली तरी ती चुकीच्या टोकाला धरलेली आहे. पैसे घालायचे तर ते एक पाऊल आधी, रूट कॅनाल आणि साध्या कॅपसाठी घालावेत. वाचवलेल्या दाढेचा खर्च ब्रिजपेक्षा बहुतेकदा कमी येतो आणि शेजारचे दोन दात घासावे लागत नाहीत. विमा कंपन्यांना मर्यादा घालून, प्रतीक्षाकाळ ठेवून हे देता येण्यासारखे आहे. राज्य सरकारने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रूट कॅनाल आणि कॅपची सोय, आणि त्यासाठी लागणारी लॅब, उभी करायला हवी. सुरुवात कुठून करायची हेही ठरलेले आहे. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या दाढांच्या मागे येते. एकही दुधाचा दात न पडता आल्यामुळे आई-वडील तिलाही दुधाचीच समजतात, आणि पुढे ज्या दाढा सर्वाधिक काढाव्या लागतात त्यांत हीच आघाडीवर असते. शालेय आरोग्य तपासणीत मुलांचे दात पाहिले जातात. तिथेच या दाढेच्या खाचा सीलंटने बुजवण्याची सोय झाली, तर त्या मुलांपैकी अनेकांना तिसाव्या वर्षी तीन युनिटांचा भाव विचारावा लागणार नाही.