रुळांवरचा अग्रमान

कळव्याच्या फलाटावर सकाळी कामाच्या वेळी उभ्या असलेल्या चाकरमान्यास डोळ्यांदेखत गाड्यांमागून गाड्या जाताना दिसतात. परंतु त्यांतल्या पुष्कळशा त्याच्यासाठी नसतात. तथापि केवळ एवढ्यावरून त्याच्यावर अन्याय झाला, असे आम्ही म्हणणार नाही. कसाऱ्याहून निघालेल्या गाडीने वाटेतील प्रत्येक स्थानकाची विचारपूस करावयाची म्हटले, तर तिच्यातील उतारूंचा निम्मा दिवस प्रवासातच सरेल. तेव्हा जलद गाडीला अग्रमान हवाच. प्रश्न आहे तो, दर वेळी थांबावयाचे कोणी, हा!

रुळांचा हिशेब मोठा कठोर असतो. एका वेळी एका गाडीला दिलेली वाट दुसरीला मिळत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यान पाचवी व सहावी मार्गिका सुरू झाली आणि मेल गाड्यांची लोकलच्या वाटेतील अडचण तेथे बरीचशी दूर झाली. ते काम चांगलेच झाले. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल धावू लागताच कळवा व बदलापूर येथील उतारूंचा संताप उफाळून आला, आणि त्या महिन्यात वाढविलेल्या १० वातानुकूलित फेऱ्या मध्य रेल्वेस मागे घ्याव्या लागल्या. उतारूंचा रोष गारव्यावर नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांची नेहमीची गाडी गेली आणि तिच्या जागी आलेल्या गाडीत त्यांचा पास चालेना, हे त्यांचे दुखणे होते. शिवाय बंद दारांच्या गाडीत लोंबकळणाऱ्यास जागा नाही. ते योग्यच, पण मग त्याने जावे कशाने?

आम्ही पूर्वी शाळामास्तरकी केली आहे. हुशार मुलांकडे पाहून शिकविले की वर्गाची सरासरी फार सुरेख दिसते, आणि मागच्या बाकावरील मुलगा वर्षभर तेथेच राहतो. वेळापत्रक रचणाऱ्यांचीही नेमकी हीच गत होते. एकूण वाचलेली मिनिटे मोजली की जलद गाडीची सरशी ठरलेलीच! परंतु त्या बेरजेत दिवा-मुंब्र्याचा उतारू रोजच्या रोज वजाबाकीत जातो, हे कोणास दिसत नाही. उशिराने पिचलेल्या दिव्याच्या उतारूंनी २ जानेवारी २०१५ रोजी गाड्या अडविल्या. त्या दिवशीच्या दगडफेकीचे आम्ही समर्थन करीत नाही. परंतु तिच्यामागील चीड खोटी नव्हती. आणि ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दाराशी लोंबकळणारे उतारू खाली पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा गर्दीचा प्रश्न सोयीगैरसोयीच्या पलीकडे गेला होता.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गर्दीच्या वेळी कोणत्याही स्थानकावर दोन गाड्यांमध्ये अधिकात अधिक किती अंतर चालेल, हे रेल्वेने आधी ठरवावे व जाहीर करावे. जलद गाड्यांची आखणी त्यानंतर व्हावी. गाड्या उशिरा धावत असताना एकदा रोखलेली धीमी लोकल पुढच्या जलद गाडीसाठी पुन्हा रोखू नये. वातानुकूलित गाडी अवश्य आणावी, मात्र साधी गाडी काढून नव्हे. तेवढी वाट रुळांवर शिल्लक नसेल, तर तसे उतारूंना तोंडावर सांगावे. ते ऐकून घेतील. न सांगता काढून घेतलेली ८ वाजून काही मिनिटांची गाडी मात्र ते विसरत नाहीत.