कथेतील पुरुषी स्त्री आणि श्रमिकांचे वाङ्मय

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यावर सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांच्या धुरात येथे ठेकेदारी पद्धतीने राबणारा श्रमिकवर्ग जगतो. अशा वस्तीत एखादी स्त्री केस आखूड कापून, पँट-शर्ट घालून पुरुषी चालीने वावरत असेल आणि तिचे मन दुसऱ्या स्त्रीवर जडले असेल, तर भारतीय लघुकथेत तिला आपला चेहरा कोठे सापडेल? हा प्रश्न केवळ साहित्यिकांपुरता नाही. ज्या माणसाचे जगणे कोणी लिहीत नाही, त्याच्या पोटावर पाय पडला तरी तो अन्याय आहे असे कोणाला सुचत नाही.

इंग्रजीत अशा स्त्रियांनी 'बुच' हा शब्द स्वतःसाठी अभिमानाने स्वीकारला. मराठीत 'पुरुषी' हे विशेषण आहे खरे, परंतु ते बहुधा टोमणा म्हणूनच वापरले जाते.

या विषयाला हात घालण्याचे धैर्य प्रथम पुरोगामी गोटातूनच झाले, ही गोष्ट नोंदविली पाहिजे. इस्मत चुगताई यांची 'लिहाफ' ही उर्दू कथा १९४२ साली प्रसिद्ध झाली. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना लाहोरच्या न्यायालयात उभे राहावे लागले आणि त्या निर्दोष सुटल्या. प्रगतिशील लेखकांमध्येही या प्रश्नावर एकमत नव्हते. १९४५ च्या हैदराबाद परिषदेत अश्लीलतेविरुद्ध ठराव मांडला गेला, तेव्हा मौलाना हसरत मोहानी यांनी त्याला विरोध केला. कथेत नबाबाची उपेक्षित बेगम आहे आणि तिचे अंग रगडणारी मोलकरीण रब्बू आहे. परंतु सारे काही एका लहान मुलीच्या भेदरलेल्या नजरेतून दिसते. बेगमेचे एकाकीपण वाचकाला कळते. जिच्या श्रमावर तो महाल चालतो, त्या रब्बूला काय हवे होते, हे मात्र अंधारातच राहते.

राजस्थानी कथाकार विजयदान देथा यांनी बीजा आणि तीजा यांच्या कथेत याहून पुढचे पाऊल टाकले. रायपूरचे सुपुत्र हबीब तन्वीर यांनी ज्यांच्या कथेवरून 'चरणदास चोर' रंगभूमीवर आणले, तेच हे देथा. या कथेत हुंड्याच्या लोभाने बाप मुलीला मुलगा म्हणून वाढवतो आणि दुसऱ्या मुलीशी तिचे लग्न लावतो. सत्य उघड झाल्यावरही दोघी परस्परांना सोडत नाहीत. पुढे भुताच्या कृपेने बीजा खरोखरच पुरुष होते आणि त्याच क्षणापासून तिच्या अंगी नवरेपणाचा माज येतो. ती पुन्हा स्त्री होते तेव्हाच दोघींना सुख लाभते. लोककथेने येथे मोठा सिद्धान्त मांडला आहे. पुरुषाचा वेश आणि पुरुषाची सत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुलूम पोशाखातून उपजत नाही, मालकीतून उपजतो. मात्र या दोघींना आसरा मिळतो तो भुतांच्या राज्यात. माणसांच्या गावात नाही.

मराठीत विजय तेंडुलकरांनी हा विषय आधी कथेत आणि नंतर 'मित्राची गोष्ट' या नाटकात हाताळला. १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा उभी केली. कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करणारी ही मुलगी सहनायिकेच्या प्रेमात पडते आणि अखेर आत्महत्या करते. नाटकाचे धाडस निर्विवाद आहे. तथापि तिची कहाणी सांगणारा पुरुष मित्रच आहे आणि तिच्यापुढे मरणाखेरीज दुसरी वाट लेखकाने ठेवलेली नाही.

महाल, भुतांचे राज्य आणि कॉलेज यांच्यापलीकडे जे घडत होते ते पाहिले म्हणजे ही उणीव स्पष्ट होते. १९८७ च्या डिसेंबरात, रायपूर अद्याप मध्य प्रदेशातच असताना, त्या राज्याच्या सशस्त्र पोलीस दलातील, भोपाळला नेमणूक असलेल्या दोन महिला शिपायांनी परस्परांशी विवाह केला. ही गोष्ट कळताच त्यांना सेवेतून काढण्यात आले. गणवेश घालणाऱ्या, पगारावर जगणाऱ्या या श्रमिक स्त्रिया होत्या. त्यांना देशोधडीला लावण्यासाठी न्यायालयाची गरज पडली नाही; वरिष्ठांचा हुकूम पुरला.

हे सारे सुखवस्तू वर्गाचे चोचले आहेत, असा आक्षेप अजूनही ऐकू येतो. भोपाळची घटना हेच त्याला पुरेसे उत्तर आहे. ज्याच्यापाशी मालमत्ता आहे त्याला आडोसा मिळतो; जो मजुरीवर जगतो त्याचे गुपित फुटले की भाकरी जाते. अमेरिकेतील कम्युनिस्ट लेखिका लेस्ली फाइनबर्ग यांनी १९९३ च्या 'स्टोन बुच ब्लूज' या कादंबरीत हेच दाखविले आहे. त्यातील नायिका बफेलोच्या कारखान्यांत राबते, पोलिसांचा मार खाते आणि कामगार संघटनेत आपली जागा मागते. समाजवादी क्यूबाने २०२२ साली सार्वमत घेऊन समलिंगी विवाहास मान्यता दिली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. पण २०२३ साली विवाहाचा हक्क नाकारला. ठेकेदाराच्या हजेरीपटावर तर यांपैकी कोणत्याच निकालाचा उजेड पडत नाही.

म्हणूनच या स्त्रीची कथा आता श्रमाच्या ठिकाणाहून लिहिली गेली पाहिजे. तिची पाळी, तिची मजुरी, भाड्याच्या खोलीसाठी सांगावे लागणारे खोटे नाते आणि थकून परतल्यावर दार उघडणारी जोडीदारीण, हे सारे कथेत आले पाहिजे. तिला दयेची वा उदात्तीकरणाची आवश्यकता नाही. ती जगते, राबते आणि प्रेम करते, एवढे सत्य पुरेसे आहे. असे लेखन हाती येण्याची वाट न पाहता, आपल्या युनियनच्या सभेत अशा एखाद्या कामगार स्त्रीची टवाळी होते तेव्हा किती जण ती थांबवितात, याचा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याने आजच मांडावा.