संगणकातले लुगडे

संगणकाच्या पडद्यावर लुगडे फडफडते, ते केवळ कळ दाबून नव्हे. संगणकाला कापड ठाऊक नसते. ठाऊक असते ते बिंदूंचे जाळे, जणू स्प्रिंगांनी जोडलेले. स्प्रिंगा किती ताठ, हे आपण सांगायचे.

कळंबला मांजरेकाठी वाळणारे सुती लुगडे धाग्याच्या दिशेने ओढा; जेमतेम ताणते. तिरपे ओढा, सहज ताणते. दुमडायला तर जोरच लागत नाही. हे आकडे चुकले की पडद्यावर रबर दिसते!

१९९८ साली बराफ आणि विट्किन यांनी ही आकडेमोड झपाट्याने करण्याची रीत मांडली. पण धुणे वाळत घालणाऱ्या मुलीच्या हातांना यातले बरेचसे आधीच कळलेले असते. शाळेत संगणक नाही म्हणून तिने थांबू नये, असे आमचे मत आहे. ओला आणि वाळलेला पदर वाऱ्यात कसा वेगळा हलतो, ते तिने आजच वहीत काढावे.