हौशी हातांनी भरलेल्या बाटल्या

किनाऱ्यावरचे पाणी तपासणाऱ्या स्वयंसेवकांना हिणवणे सोपे असते. हौशी मंडळी, त्यांच्या बाटल्यांतून कसले शास्त्र निघणार? कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागराकाठी जाऊन हा आक्षेप तपासावा.

तिथे पावसाळी गटारांचे पाणी बहुतेक ठिकाणी शुद्धीकरणाविनाच समुद्रात पडते. उन्हाळा कोरडा. रस्त्यांवर तेल, टायरची झीज, कुत्र्यांची घाण, बागांतले खत साचत जाते आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर सगळे एकदम खाली येते. २००० सालापासून ‘फर्स्ट फ्लश’ उपक्रमातले स्वयंसेवक नेमके हे पाणी पकडतात.

आता हौशीपणाचे पाहू. भर पावसात गटाराच्या तोंडाशी उभे राहून ते आधी पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. ती घसरली की पावसाचे पाणी आले. मग हातमोजे घालून, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू न देता बाटल्या भरायच्या. जंतूंसाठी वेगळी, धातूंसाठी वेगळी. बाटल्या बर्फात आणि तिथून प्रयोगशाळेत. नायट्रेट, तांबे, जस्त यांचे आकडे प्रयोगशाळाच काढते. यात हौसेला वाव आहे कुठे?

‘हे सरकारचे काम’ असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पण पाऊस अपरात्री येतो आणि सगळ्या गटारांच्या तोंडांशी एकाच वेळी माणसे लागतात. एवढा पगारी ताफा कोण ठेवणार? (मुंबईत हा प्रयोग जसाच्या तसा जमणार नाही. आपल्या नाल्यांत सांडपाणी बारमाही!)

एका रात्रीच्या नमुन्यांवरून वर्षाचे प्रदूषण कळत नाही, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. कळत नाहीच. पण दरवर्षी त्याच जागी, त्याच पहिल्या पावसात घेतलेले नमुने एकमेकांशी ताडून पाहता येतात. तांब्याचेच घ्या. शहरी पाण्यातले बरेचसे तांबे गाड्यांच्या ब्रेकमधून झिजून येते. कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा करून ब्रेक पॅडमधल्या तांब्यावर २०२१ पासून ५ टक्क्यांची आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातली. त्याने गटारातले तांबे किती उतरले, हे शोधायला कायद्याआधीचे आकडे लागतात. माँटेरेत ते आहेत, कारण कायद्याच्या दहा वर्षे आधीच तिथे कुणीतरी बाटल्या भरायला लागले होते.